कँडलमास : उत्तरेकडचा एक विलाप

फेब्रुवारीच्या २ तारखेला ख्रिस्तसभा प्रभूच्या समर्पणाचा सण साजरा करते. त्या दिवशी मिस्सापूर्वी मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला जातो आणि त्या पेटवून भाविक मिरवणुकीने मंदिरात प्रवेश करतात. म्हणूनच इंग्रजीत या सणाला 'कँडलमास' असे जुने नाव आहे. काही वर्षांपूर्वी या सणाच्या संध्याकाळी मिस्सा आटोपून मी मंदिराबाहेर आलो. गायनवृंदात गिटार वाजवणारा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आवारात उभा होता. त्याच्या काळ्या टी-शर्टवर ठळक इंग्रजी अक्षरांत 'कँडलमास' असे छापलेले होते. मला कौतुक वाटले. "अरे वा, सणाला साजेसा शर्ट घातलास! फक्त शेवटी एक अक्षर जास्त पडले आहे," असे मी म्हणालो. तो ओशाळून हसला. "फादर, हा सण नाही. हा स्वीडनचा एक बँड आहे. फार जड संगीत आहे, तुम्हाला आवडायचं नाही."

आदल्या पावसाळ्यात त्याचे वडील वारले होते. अंत्यविधी मीच केला होता. आई कशी आहे, घरचे कसे चालले आहे, असे मी विचारत होतो. मध्येच तो म्हणाला, "बाबा गेल्यावर चार महिने मला प्रार्थना करता येत नव्हती. शब्दच येत नव्हते. तेव्हा मी हेच ऐकत होतो."

त्याचे हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. त्याला एक कारण होते. मला गुरुदीक्षा मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट आहे. एक माता आपल्या मुलाच्या कॅसेट्स पिशवीत घालून माझ्याकडे आली होती. वेष्टनांवर कवट्या, थडगी, अंधारी आकाशे होती. मी त्या ऐकल्या नाहीत. मुलाला बोलावून घेतले, अर्धा तास उपदेश केला आणि त्या नष्ट करायला सांगितले. त्याने निमूटपणे ऐकले. पुढे तो मिस्साला येत राहिला, परंतु माझ्याशी बोलायला मात्र कधी आला नाही. 'तू हे का ऐकतोस?' एवढा एकच प्रश्न मी त्याला विचारला नव्हता. तो प्रश्न विचारण्याची संधी परमेश्वराने मला इतक्या वर्षांनी पुन्हा दिली, असे मी समजतो. मी त्या तरुणाकडून ती गाणी मागून घेतली आणि त्यांचा इतिहासही धुंडाळला. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

बर्मिंगहॅमचा कारखाना

या संगीताचा उगम स्वीडनमध्ये नाही, तो इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात आहे. टोनी आयोमी हा इटालियन वंशाच्या कुटुंबातील मुलगा तेथे पत्रे कापण्याच्या कारखान्यात काम करीत होता. तो १७ वर्षांचा असताना, कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे तारा खालच्या स्वरात उतरवून वाजवायला सुरुवात केली. तारा सैल झाल्या, स्वर खाली गेला आणि एक नवा, जड, गंभीर ध्वनी जन्माला आला. जखमी हाताला झेपेल असे वाजवताना तो सापडला, हे मला महत्त्वाचे वाटते.

आयोमी आणि त्याच्या तीन मित्रांचा 'ब्लॅक सबाथ' हा बँड १९६८ साली उभा राहिला आणि त्यांचा पहिला आल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. नाव भयंकर, परंतु त्यांची गाणी लिहिणारा गीझर बटलर हा आयरिश कॅथलिक कुटुंबात वाढलेला होता. १९७१ साली त्यांच्या तिसऱ्या आल्बममध्ये देवावरील श्रद्धेची थट्टा करणाऱ्यांनाच उलट प्रश्न विचारणारे एक गाणे आहे. चौघे गळ्यात मोठे क्रूस घालीत. ते गायक ऑझी ऑसबोर्न यांच्या वडिलांनी घडवून दिलेले होते. ऑझी २२ जुलै २०२५ रोजी निवर्तले.

त्यांच्या पहिल्या गाण्यातील मुख्य स्वररचना ज्या अंतरावर उभी आहे, ते आपल्या भाषेत षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधील अंतर होय. मध्ययुगात ख्रिस्तसभेने या स्वरांतरावर बंदी घातली होती, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. ते खरे नाही. 'संगीतातील सैतान' हे त्याचे लॅटिन नाव अठराव्या शतकातील संगीतशिक्षकांच्या लिखाणातून रूढ झाले. हे अंतर गळ्याला अवघड आणि कानाला अस्वस्थ करणारे, म्हणून ते नाव पडले. आपला मारवाही तीव्र मध्यम घेतो. सांजवेळी मारवा ऐकताना जी हुरहूर वाटते, तिला आपण सैतानी म्हणत नाही.

मेणबत्त्यांचा देश

आता स्वीडनकडे वळू. युरोपच्या उत्तरेस असलेल्या या देशात डिसेंबरात राजधानी स्टॉकहोमला जेमतेम सहा तास दिवस असतो. येथे ख्रिस्ताचा संदेश संत आन्सगार यांनी नवव्या शतकात नेला. चौदाव्या शतकात या देशाने जगाला संत ब्रिजिता दिली. पुढे १५२७ साली राजा गुस्ताव वासा याच्या काळात देश रोमपासून दुरावला आणि १५९३ साली उप्साला येथील परिषदेत लुथरन पंथ पक्का झाला. त्यानंतर शतकानुशतके तेथे कॅथलिक म्हणून जगणे कठीण होते. संपूर्ण धर्मस्वातंत्र्याचा कायदा १९५१ साली आला. राज्य आणि लुथरन चर्च यांची फारकत २००० साली झाली. स्टॉकहोमचे बिशप आन्देर्स आर्बोरेलियस २०१७ साली कार्डिनल झाले. हा मान मिळालेले ते पहिले स्वीडिश धर्माधिकारी आहेत.

आश्चर्य असे, की इतक्या उलथापालथीनंतरही काही जुने दिवे तेथे विझले नाहीत. १३ डिसेंबरला संत लुसियाच्या स्मरणार्थ मुली डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून गात फिरतात. ही संत इटलीतील सिराक्यूज येथील रक्तसाक्षी, म्हणजे आपली. नोव्हेंबरच्या आरंभी सर्व संतांच्या दिवशी लोक कबरींवर दिवे लावतात. स्टॉकहोमच्या दक्षिणेकडील पाइन वृक्षांत वसलेली विशाल दफनभूमी त्या संध्याकाळी दिव्यांनी भरून जाते. मंदिरात क्वचितच पाऊल टाकणारी माणसेही त्या दिवशी दफनभूमीत येतात. आणि आपला मेणबत्त्यांचा सणही तेथील लुथरन पंचांगात टिकून आहे.

१९८६

स्टॉकहोमच्या उत्तरेस उप्लांड्स वेस्बी नावाचे उपनगर आहे. १९६५ ते १९७४ या काळात स्वीडिश सरकारने दहा लाख घरे बांधण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा राजधानीभोवती अशी अनेक उपनगरे फोफावली. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा गावोगावी आहेत. तेथे मुलांना अल्प शुल्कात वाद्य शिकता येते. तरुणांच्या बँडना सरावासाठी जागा मिळवून देणाऱ्या लोकशिक्षण संस्थाही आहेत. एवढासा देश संगीतात जगभर का दुमदुमतो, याचे एक उत्तर येथे आहे. आपल्या धर्मग्रामांनी त्यावर विचार करावा.

या उपनगरातून दोन बँड पुढे आले. 'युरोप' या बँडचे 'द फायनल काउंटडाउन' हे गाणे १९८६ साली जगभर गाजले. दुसरा बँड 'कँडलमास'. गिटारचा मंद्र प्रकार असलेली बेस गिटार वाजवणाऱ्या लेइफ एडलिंग यांनी तो १९८४ साली उभारला. नावात सणापेक्षा एक 'एस' जास्त आहे.

१९८६ हे वर्ष स्वीडनला जड गेले. २८ फेब्रुवारीच्या रात्री पंतप्रधान ओलोफ पाल्मे सिनेमा पाहून पत्नीसह पायी घरी जात असताना स्टॉकहोमच्या रस्त्यावर गोळी घालून मारले गेले. २८ एप्रिलला फोर्समार्क येथील स्वीडिश अणुवीज केंद्रात कामगाराच्या पादत्राणांवर किरणोत्सर्ग आढळला, आणि दोन दिवसांपूर्वी चेर्नोबिलला घडलेल्या अनर्थाचा सुगावा पाश्चात्त्य जगाला तेथून लागला. कँडलमासची गाणी या घटनांवर आहेत असे मी म्हणत नाही. परंतु सुखी, सुरक्षित समजल्या जाणाऱ्या समाजालाही त्या वर्षी मृत्यू आपल्या दारात दिसला होता, हे ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षी कँडलमासचा पहिला आल्बम आला. नाव होते 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस'. ही लॅटिन नव्हे, लॅटिनची गंमत आहे. मी सेमिनरीत लॅटिन शिकलो आहे, म्हणून मला हसू आवरले नाही. परंतु त्यातील 'डूम' हा शब्द जुना आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ न्यायनिवाडा असा होता. इंग्लंडमधील मध्ययुगीन मंदिरांत वेदीसमोरच्या कमानीवर अंतिम न्यायाचे जे भव्य चित्र रंगवीत, त्याला 'डूम' असेच म्हणत. सॉल्झबरी येथील संत थॉमस मंदिरात असे एक चित्र आजही पाहायला मिळते. मिस्सा ऐकताना भाविकांच्या डोळ्यांसमोर आपला शेवट सतत असे. या आल्बमच्या नावावरूनच 'एपिक डूम' ही संगीतशाखा ओळखली जाऊ लागली.

त्या काळी असे संगीत करणारे बहुतेक बँड वेगाच्या स्पर्धेत होते. कँडलमासने उलट दिशा धरली. त्यांची चाल संथ, शोकयात्रेसारखी. त्यावर उंच, रुंद, नाट्यगृहात गावे तसा आवाज. पहिल्याच गाण्याचे नाव 'सॉलिट्यूड', म्हणजे एकाकीपण. जगण्याला कंटाळलेल्या माणसाचे ते गाणे आहे. योहान लेंगक्विस्ट या गायकाने ते पाहुणा म्हणून गायले आणि तो बँडमध्ये सामील न होता निघून गेला. आल्बमचा खप बेताचाच झाला आणि प्रकाशक कंपनीने पुढे साथ दिली नाही.

वृद्धाची नाव

१९८७ साली दुसरा आल्बम आला, 'नाइटफॉल'. नवा गायक मेसाया मार्कोलिन हा धिप्पाड माणूस, संन्याशाचा झगा घालून मंचावर उभा राहत असे. आपल्याला ते खटकेल. मलाही खटकले. परंतु त्या आल्बमचे वेष्टन पाहून मी थबकलो. टॉमस कोल या चित्रकाराने १८४२ साली 'जीवनप्रवास' नावाची चार चित्रे रंगवली : बाल्य, तारुण्य, प्रौढत्व आणि वार्धक्य. चारही चित्रांत एक नाव आहे आणि एक रक्षकदूत आहे. 'नाइटफॉल'वर त्यांतील वार्धक्याचे चित्र आहे. मोडकळलेल्या नावेत पांढऱ्या दाढीचा वृद्ध बसला आहे, काळे ढग फाटून वरून प्रकाश येत आहे आणि देवदूत त्याला वर बोट दाखवीत आहे. पुढच्या वर्षीच्या आल्बमवर त्याच मालिकेतील तारुण्याचे चित्र आहे.

गाण्यांत एकाचे नाव 'समॅरिटन'. बायबलशी नाते सांगणारे हे गाणे दारी आलेल्या भिकाऱ्याला आसरा देणाऱ्या माणसाची कथा सांगते. दुसरा एक तुकडा शोपँच्या पियानो सोनाटातील शोकसंगीताचा आहे. पॅरिसच्या मादलेन मंदिरात ३० ऑक्टोबर १८४९ रोजी स्वतः शोपँच्या अंत्यविधीत ते वाजवले गेले होते. आणखी एकाचे नाव 'कोडेक्स गिगास'. हे तेराव्या शतकातील बोहेमियाचे महाकाय हस्तलिखित आहे. त्याचे वजन सुमारे ७५ किलो भरते. त्यात संपूर्ण लॅटिन बायबल आहे, आणि एका पानावर सैतानाचे मोठे चित्र आहे, म्हणून लोक त्याला 'सैतानाचे बायबल' म्हणतात. त्या चित्राच्या समोरच्याच पानावर स्वर्गीय नगरीचे चित्र आहे, ते मात्र कोणी सांगत नाही. १६४८ साली स्वीडिश सैन्याने प्रागमधून ते लुटून नेले. आज ते स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

मला वाटते, या संगीताकडे पाहताना आपण तेच करतो. एक पान उघडतो, घाबरतो आणि ग्रंथ मिटतो.

भीती अनाठायी आहे का?

पालकांची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. १९९२ साली नॉर्वेत दुसऱ्या एका संगीतशाखेच्या नादी लागलेल्या काही तरुणांनी जुनी लाकडी मंदिरे पेटवायला सुरुवात केली. बर्गेनजवळील फान्टॉफ्टचे मंदिर ६ जून १९९२ रोजी भस्मसात झाले. हे पाप होते आणि गुन्हाही. त्या बातम्या वाचूनच मी त्या पहिल्या मुलाला उपदेश केला होता. परंतु एकाने आग लावली म्हणून काळा शर्ट घालणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काडेपेटी असते काय? कँडलमासच्या गाण्यांतही चेटूक, शाप, अंधार यांची रेलचेल आहे. ती सर्व गाणी आपण मंदिरात गावी, असा माझा आग्रह मुळीच नाही. ज्याचे मन खचले आहे, त्याने 'सॉलिट्यूड'सारखे गाणे एकट्याने ऐकत बसणे धोक्याचे ठरू शकते. मरणाची भाषा बोलणाऱ्या मुलाला एकटे सोडू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला डॉक्टरांकडे न्यावे. त्या वेळी उपदेश पुरेसा नसतो.

परंतु प्रश्न उरतोच : माझ्या गायनवृंदातील मुलाला शोकासाठी स्वीडनपर्यंत का जावे लागले?

आपला हरवलेला विलाप

एके काळी मृतांच्या मिस्सात 'दिएस इरे', म्हणजे 'क्रोधाचा दिवस', हे तेराव्या शतकातील दीर्घ गीत गायिले जाई. परंपरा ते चेलानोचे थॉमस या फ्रान्सिस्कन बंधूंच्या नावावर सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली अंत्यविधीची नवी रचना आली आणि ते गीत मिस्सातून गेले. काळ्या वस्त्रांऐवजी जांभळी वा पांढरी वस्त्रे आली. हा बदल योग्यच होता. ख्रिस्ती मृत्यूचा केंद्रबिंदू पुनरुत्थान आहे, भय नव्हे. परंतु परिषदेने आशा पुढे आणली, तेव्हा आम्ही उपदेशकांनी घाईघाईने शोकाला मागच्या दाराने बाहेर काढले. अंत्यविधीत मी स्वतः किती वेळा म्हणालो असेन, "रडू नका, ते प्रभूकडे गेले आहेत." लाझरसच्या कबरीजवळ प्रभू येशू स्वतः रडला, हे मी विसरलो.

स्तोत्रसंहितेत विलापगीतांचा मोठा वाटा आहे. बहुतेक विलापगीते शेवटी स्तुतीकडे वळतात. स्तोत्र ८८ मात्र वळत नाही. त्याचा शेवट अंधारात होतो. तरीही पवित्र आत्म्याने ते शास्त्रात राहू दिले, आणि आम्ही धर्मगुरू दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत ते म्हणतो. ज्याच्याजवळ शब्द उरले नाहीत, त्याच्यासाठी ख्रिस्तसभेजवळ शब्द आहेत. आपण ते त्याच्या हाती दिले नाहीत, म्हणून त्याने दुसरीकडे शोधले.

आणि मेणबत्त्यांच्या सणाचे शुभवर्तमान तरी काय सांगते? वृद्ध शिमोन बाळाला हातांत घेतो, त्याला सर्व राष्ट्रांचा प्रकाश म्हणतो, आणि त्याच भेटीत त्या बाळाच्या आईला सांगतो, की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. आपण मेणबत्त्या उचलल्या. तलवारीचे शब्द उपदेशात क्वचितच आले.

बँडचा पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. गायक बदलले, बँड १९९४ साली मोडला, पुन्हा जुळला, पुन्हा दुरावे आले. शेवटी २०१८ साली, पहिल्या आल्बमनंतर ३२ वर्षांनी, पाहुणा म्हणून आलेला योहान लेंगक्विस्ट परत आला आणि या वेळी राहिला. २०१९ च्या आल्बममधील एका गाण्यात स्वतः टोनी आयोमी यांनी गिटार वाजवली आणि त्या गाण्याला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. ज्याच्या जखमी हातातून हा ध्वनी निघाला, तो आपल्या दूरच्या शिष्यांच्या घरी पाहुणा आला.

यानंतरच्या मृतांच्या दिनी, २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, आम्ही दफनभूमीत स्तोत्र ८८ वाचले. मी त्यावर उपदेश केला नाही. वाचन संपल्यावर त्या तरुणाने गिटारवर मंद्र सप्तकात काही वेळ वाजवले. गाणे कोणते, ते मी विचारले नाही. एका आजीबाईंनी नंतर माझा हात धरून सांगितले, "फादर, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पोटभर रडले." काहींना मात्र ते आवडले नाही, आणि तसे त्यांनी मला स्पष्ट सांगितले. त्यांचेही मी ऐकून घेतले.

राहता राहिला तो कॅसेट्सचा मुलगा. आता तो चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. तो कोठे आहे, मला ठाऊक नाही. हे त्रैमासिक अनेक घरांत जाते, परदेशीही जाते. कदाचित हा लेख त्याच्या हाती पडेल. तसे झाले, तर त्याने मला एवढेच कळवावे, की तो तेव्हा काय ऐकत होता आणि का. या वेळी मी ऐकेन.